पहिला टप्पा : नवं औषध आधी कुणाला देतात?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडे संपादित करून.)



मला "प्रमुख वक्त्या" वगैरे म्हणून इथं उभं केलंय, पण तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी मला याच मैदानात लगोरी खेळताना रागावलेलं आहे. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. आता मुंबईत एका रुग्णालयात क्लिनिकल रिसर्चचं काम करते. मी डॉक्टर नाही. नवीन औषधांच्या चाचण्या चालतात, त्यात रुग्णाची संमती घेणं, तारखा सांभाळणं, रक्ताचे नमुने वेळेवर जातात की नाही ते पाहणं, रात्री-बेरात्री त्यांचे फोन घेणं, हे माझं काम. सचिवकाकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, अण्णांबद्दल बोलते. ते म्हणाले, काकूंना विचार. काकूंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "गोड गोड करून सांगू नको." म्हणून आज गोड करून सांगणार नाही.

अण्णा म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले आपले अण्णा, संस्थेचे पहिले खजिनदार. त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग होता. एक मूत्रपिंड काढलं. दोन वर्षं बरी गेली. मग फुप्फुसात गाठी दिसल्या. गोळ्या चालू झाल्या, वर्षभर उपयोग झाला आणि थांबला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की एका रुग्णालयात दोन औषधांची एकत्र चाचणी चालू होते आहे, इम्युनोथेरपीची, पहिला टप्पा. विचार करून कळवा. त्या संध्याकाळी अण्णांचा मला फोन. "काय करायलीस गं? हे फेज वन काय असतंय? सही करू का नको, तेवढं सांग."

ते रुग्णालय माझं नव्हतं, हे आधीच सांगते. पण धंदा तोच. आणि त्या फोनवर मी पहिली चूक केली. मी उत्साहानं बोलत सुटले. काय बोलले ते सांगते, कारण त्यात खोटं काही नव्हतं. चूक दुसरीच होती.

मी सांगितलं की आपल्या शरीरात टी-पेशी असतात, त्या परक्याला ओळखून मारतात. पण त्या बेलगाम सुटल्या तर आपल्याच अवयवांवर तुटून पडतील, म्हणून निसर्गानं त्यांना ब्रेक दिलेत. कर्करोगाची गाठ काय करते, तर हे ब्रेक दाबून धरते. टी-पेशी शेजारी येऊन उभी राहते, पण हात उचलत नाही. अमेरिकेतले जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकु होन्जो यांनी असे दोन ब्रेक आणि ते सोडवायची रीत दाखवली. सीटीएलए-४ आणि पीडी-१ अशी त्या ब्रेकची नावं. २०१८ साली दोघांना नोबेल मिळालं.

मग दोन औषधं एकत्र कशाला? अण्णांनी हे विचारलंच. इथं ट्रॅक्टर चालवलेली माणसं बसलीत, त्यांना सोपं आहे. ट्रॅक्टरला डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा, उजव्याचा वेगळा. एकच चाक मोकळं केलं तर ट्रॅक्टर पुढे जात नाही, जागेवर गरगरतो. काही गाठींचं तसंच असतं. एक ब्रेक सोडून भागत नाही, दुसराही सोडावा लागतो, किंवा दुसरीकडून धक्का द्यावा लागतो. २०१३ साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर ही जोडी वापरल्याचा पहिल्या टप्प्याचा अहवाल आला. ५३ रुग्णांना इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही दोन औषधं एकत्र दिली होती. सहन होईल असा जो सर्वांत वरचा डोस ठरला, त्या गटातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. पुढे मोठ्या अभ्यासात ही जोडी घेतलेल्यांपैकी ४३ टक्के लोक दहा वर्षांनंतरही जिवंत होते. एकेकाळी या पसरलेल्या आजारात लोक वर्षभरही काढत नसत.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मागून काकूंचा आवाज आला, "तू आम्हाला आशा विकायलीस का?"

मला राग आला होता. रात्रभर विचार केल्यावर पटलं की त्यांचं बरोबर होतं. मी जे जिंकले त्यांची गोष्ट सांगितली. हरलेल्यांची सांगितली नाही. आणि मुख्य म्हणजे पहिला टप्पा कशासाठी असतो तेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला आणि उलट्या क्रमानं सांगितलं. तुम्हालाही आता त्याच क्रमानं सांगते.

पहिल्या टप्प्याचा मुख्य प्रश्न "हे औषध बरं करतं का" हा नसतो. "किती दिलं तर माणसाला झेपतं" हा असतो. पद्धत साधी आहे. पहिल्या तीन रुग्णांना कमी डोस देतात आणि ठरलेले दिवस, साधारण तीन-चार आठवडे, थांबतात. कुणालाही ठरवून ठेवलेला गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरचा डोस. तिघांपैकी एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघे. सहांपैकी दोघांना झाला, की वर जाणं बंद, आणि खालचा डोस धरायचा. नव्या पद्धतीही आल्यात, पण गाभा हाच.

गटातल्या पहिल्या माणसाला औषध देऊन लगेच दुसऱ्याला देत नाहीत, मध्ये थांबतात. यामागे एक दुःखद घटना आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन-१४१२ नावाचं औषध सहा निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतरानं दिलं गेलं. तेही प्रतिकारशक्ती जागवणारंच औषध. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात. जीव वाचले, पण काहींचं कायमचं नुकसान झालं. एकाला देऊन वाट पाहिली असती, तर पाच जण वाचले असते. आज आम्ही जे थांबतो ते त्या सहा जणांमुळे.

अण्णा खजिनदार माणूस. त्यांनी आकडा मागितला. "शंभरात किती?" मी त्यांना २००५ साली छापून आलेला एक मोठा आढावा सांगितला. अमेरिकेतले कर्करोगाच्या पहिल्या टप्प्याचे ४६० अभ्यास, जवळजवळ बारा हजार रुग्ण. त्यात गाठ लक्षणीय लहान झाली साधारण शंभरात अकरा जणांची. आणि औषधाच्या त्रासानेच मृत्यू झाला दोनशेत एकाचा. हे इम्युनोथेरपीच्या आधीचे आकडे आहेत. आज काही औषधांत जास्त यश दिसतं, काहींत शून्य. पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

आणि पहिल्या टप्प्यात चांगलं दिसलेलं पुढे टिकतंच असंही नाही. पेम्ब्रोलिझुमॅबसोबत एपॅकॅडोस्टॅट नावाची गोळी दिली, सुरुवातीच्या अभ्यासांत फार आशा वाटली. मग ७०६ रुग्णांवर मोठी चाचणी केली. २०१८ मध्ये निकाल आला की गोळी दिली काय आणि न दिली काय, फरक नाही. ही हरलेल्यांची गोष्ट मी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती.

अण्णांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो मी अजून विसरले नाही. "म्हणजे मी खालच्या गटात आलो, तर मला मिळणारा डोस काम करण्याएवढा नसेलही?" हो, नसेलही. "आणि वरचा मागता येत नाही?" सहसा नाही. फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मग ते म्हणाले, "आपण इथं राहायला आलो तेव्हा रस्ता होता का? लाइट होती का? कुणीतरी आधी यावंच लागलं ना."

त्यावर काकू मागून म्हणाल्या, "आधी आलो, आणि नळाला पाणी यायला आठ वर्षं लागली. तोवर कुणी भरलं पाणी?"

दोघांचंही खरं होतं. मी काही बोलले नाही. सही करायची की नाही हे सांगणं माझं काम नव्हतं, आणि ते मी सांगितलं नाही. अण्णांनी संमतीपत्राचा मराठी कागद घरी आणला, चार दिवस वाचला, पेन्सिलीनं खुणा केल्या, जसे ते आपल्या संस्थेच्या ऑडिटला करायचे. मुंबईला जाऊन सतरा प्रश्न विचारले. मग सही केली.

इथं बसलेल्या काहींच्या मनात एक शब्द असणार. उंदीर. "आपल्याला उंदीर करतात का?" हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण आपल्या देशात या बाबतीत चुका झालेल्या आहेत. संमती नीट न घेता चाचण्या झाल्या, प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्यातून नियम कडक होत गेले. २००९ पासून प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम सांगतात की प्रत्येक ठिकाणच्या चाचणीला नीतिसमितीची मंजुरी हवी, आणि समिती किमान सात जणांची. त्यात निम्मे लोक त्या संस्थेबाहेरचे हवेत, एक सामान्य नागरिक हवा, एक स्त्री हवी, एक कायद्याचा जाणकार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई. मृत्यू झाला तर वारसांना भरपाई. आणि रुग्ण कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकतो.

दुसरं असं की संशोधन फक्त मुंबईचं असतं असंही नाही. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आत्ताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जगातला एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांनी केलेला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एचपीव्ही चाचणी एकदाच केली, तरी त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली छापून आलं आणि जगानं धोरण बदलायला घेतलं. ज्या गटाची तपासणी झाली नाही त्या बायकांचं काय, यावर पुढे वादही झाला, आणि तो वाद योग्यच होता. पण आज ज्या लेकींची एचपीव्ही चाचणी होते, त्यांनी त्या बायकांची आठवण ठेवावी एवढं मला वाटतं.

आता अण्णांकडे येते. ते दुसऱ्या गटात होते. पहिला महिना सारखं जावं लागायचं : औषधाचा दिवस, दुसरा दिवस, आठवा, पंधरावा. म्हणून दोघं पनवेलला पुतण्याकडे राहिले. पुढे दर तीन आठवड्यांनी परळीहून पनवेलची गाडी. पहिल्या स्कॅनमध्ये गाठी तेवढ्याच. दुसऱ्यातही तेवढ्याच. "वाढल्या नाहीत" हे ऐकून तेव्हा आपल्या कॉलनीत पेढे वाटले गेले होते, आठवत असेल.

तिसऱ्या डोसनंतर एका रात्री त्यांना जुलाब सुरू झाले. सात, आठ, नऊ वेळा. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, अन्न बाधलं. इथं हे ऐका, कारण उद्या तुमच्या घरी कुणी इम्युनोथेरपीवर असेल, चाचणीत असो वा नसो. ब्रेक सोडले की ते फक्त गाठीपाशी सुटत नाहीत, सगळीकडे सुटतात. आतड्याला सूज येते, तिथून जुलाब. फुप्फुसाला येते, तिथून दम आणि कोरडा खोकला. यकृत, थायरॉइड, त्वचा, काहीही. हा जंतूंचा आजार नव्हे. साध्या जुलाबाच्या गोळ्यांनी तो दबतो, आणि आत वाढत राहतो. यावर वेळेत स्टेरॉइड द्यावं लागतं. अण्णांच्या खिशात चाचणीचं कार्ड होतं, त्यावर रात्रीचा फोन नंबर. गावातल्या डॉक्टरांनी ते कार्ड पाहून पहाटे तीन वाजता मुंबईला फोन लावला आणि सांगितल्याप्रमाणे सलाइन आणि स्टेरॉइड चालू केलं. त्या डॉक्टरांचे आभार मला आज या व्यासपीठावरून मानायचे आहेत. ते इथं बसलेत, नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही.

महिनाभर औषध थांबलं, मग परत सुरू झालं. सातव्या महिन्यात स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या. चाचणीतून ते बाहेर पडले. त्यानंतर तीन महिन्यांनी, आपल्याच घरात, ते गेले.

काकूंकडे एक वही आहे. त्या दहा महिन्यांतले एकाहत्तर दिवस घराबाहेर गेले, गाडीत, रांगेत, पनवेलला. त्यांनी मला ती वही दाखवली आणि म्हणाल्या, "हे दिवस माझे होते." औषधानं आयुष्य वाढलं का? मला माहीत नाही, आणि एका माणसावरून ते कुणालाच सांगता येत नाही. एकाहत्तर दिवस गेले एवढं मात्र नक्की. चाचणीच्या कागदात प्रवासखर्च लिहिलेला असतो. हे दिवस कुठे लिहिलेले नसतात. आता मी संमती घेताना ते तोंडी सांगते, बोटं मोजून सांगते.

मग हे सगळं कशासाठी, असं वाटेल. एक उदाहरण देते. या औषधांची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपत नाही. आपल्या भागात तोंडाचा कर्करोग किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. तंबाखू, गुटखा, समोरच दिसतंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या पुढच्या अवस्थेतल्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला. सगळ्यांना कमी डोसाच्या स्वस्त गोळ्या, त्यातल्या निम्म्यांना सोबत निवोलुमॅब. पण किती? दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० असतो. वर्षानंतर फक्त गोळ्यांच्या गटात शंभरात सोळा जण जिवंत होते, निवोलुमॅब मिळालेल्या गटात त्रेचाळीस. त्रास जवळजवळ सारखाच. हा निकाल २०२२-२३ मध्ये जगभर वाचला गेला.

एवढ्या कमी डोसाचं धाडस कशाच्या जोरावर झालं? त्याचं एक मूळ या औषधाच्या पहिल्या टप्प्यात आहे. २०१० साली छापलेला तो अभ्यास, एकूण ३९ रुग्ण. सर्वांत खालच्या गटाला किलोमागे ०.३ मिलिग्रॅम दिलं होतं. साठ किलोच्या माणसाला अठरा मिलिग्रॅम होतात, म्हणजे टाटाच्या डोसाच्या आसपासच. रक्त तपासल्यावर दिसलं की डोस कमी असो वा जास्त, टी-पेशींवरचे ब्रेक जवळपास सारखेच धरले जातात, आणि दोन-दोन महिने. त्या खालच्या गटातल्या माणसांना स्वतःला त्याचा फायदा झाला असेल-नसेल. पण त्यांच्या रक्तातली ती नोंद जपून ठेवली होती, म्हणून बारा वर्षांनी मुंबईत कुणाला तरी प्रश्न विचारता आला : आपल्या लोकांना परवडेल एवढ्यात भागेल का?

अण्णा खालच्या गटात होते. म्हणून मी हे उदाहरण दिलं. त्यांच्या अभ्यासाचा अहवाल अजून छापून आलेला नाही. येईल तेव्हा त्यात त्यांचं नाव नसेल, गटातला एक आकडा असेल. मी तो शोधून काकूंना नेऊन दाखवणार आहे.

शेवटी पाच गोष्टी, स्मरणिकेत छापून ठेवा म्हणून सांगते. कुणी चाचणीबद्दल सांगितलं तर विचारा : हा कितवा टप्पा? मला कोणता डोस आणि माझ्या आधी कितीजणांना दिला? चाचणीत गेलो नाही तर दुसरा कोणता उपचार उरतो, दुखणं कमी करण्याचा उपचार धरून? किती फेऱ्या, किती सुया, किती दिवस घराबाहेर? रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? आणि ज्या औषधाची चाचणी चालू आहे त्याचेच पैसे कुणी मागितले, किंवा सीटीआरआयचा नंबर दाखवत नसेल, तर तिथून उठून या. शेत विकून "इम्युनिटीचं इंजेक्शन" घेतलेली घरं मी पाहिली आहेत. ती चाचणी नव्हती, नुसता बाजार होता.

कुणाला कागद वाचून दाखवायला माणूस हवा असेल तर माझा नंबर आईकडे आहे. सही करा किंवा करू नका हे मी सांगणार नाही. पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत तुमच्याबरोबर वाचीन.

काकू, गोड केलं नाही ना?